चौसष्टची बंदूक

निवडणुकीआधी बंदुका जमा करायच्या रांगेत, शहाद्याच्या ठाण्यात, एक आजी आणि तिचा नातू माझ्यापुढे होते.

“ललित, कायमनी दी टाक. तुन्हा आजाना भाऊ बासष्टमा हिनाच बार लागीसन मरी गया.”

“आजी, नळीखालना शिक्का अन् नंबर बंदूकना दुकानदारनी वाची सांगा. हाई चौसष्टमा बनेल शे.”

“मंग ती?”

“ती पोलिसस्नी तव्हयच नेयेल व्हई. आजानी हाई नंतर लिधी.”

“अरे देवा! दसराले कोयताले फूल, तुन्ही फटफटीले फूल. हिलेच कधी नई.”

“चला, पुढे या,” टेबलामागचा हवालदार म्हणाला. “आजी, बंदूक कायमची जमा ना?”

“नई साहेब. निकाल लागना का मी सोता लेवाले येसू. तवलोंग नीट ठेवा. हिनी काहीच करेल नई.”