भोंडल्यातलं बारावं नाव

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत भोंडला होता. पाटावर हत्ती काढला होता, म्हणून मला म्हणाले, "सर, हत्तीच्या नावांवर दोन मिनिटं बोला."

जन्मभर संस्कृत शिकवलं, पण हल्ली स्वतःच्या स्मरणशक्तीचा भरवसा वाटत नाही. म्हणूनच ठरवलं, कागद न घेता बारा नावं सांगायचीच. गज, कुंजर, वारण करत अकरापर्यंत पोचलो आणि अडकलो.

शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, "अकरा पुष्कळ झाली हो सर. खिरापत ओळखायची राहिलीय, गार होतेय."

"बारा म्हणजे बारा," मी म्हणालो.

त्यांच्या नातीला माझी दया आली. डब्यातली खिरापत ओळखताना विचारतात तसं तिने विचारलं, "आजोबा, तुमचं बारावं नाव तिखट आहे की गोड?"

"गोड," मी ठामपणे सांगितलं आणि पुन्हा गजापासून सुरुवात केली.