जळत्या दिव्यात घासलेट

ती विडी आधी अंगणात टाका गणोजीराव, मग बसा — हो, तिथंच, दारापाशी. घासलेटचा डबा आहे हातात माझ्या. उन्हं असतानाच दिवे भरून ठेवतो मी, वात गार असताना, आणि वर दोन बोटं जागा सोडतो — काठोकाठ भरलं की तापल्यावर उतू येतं ते. यात शहाणपण कसलं? डोळ्यांना दिसतं. तुमच्या राजाबाईंनाही दिसतं हो. तिळाच्या तेलाची समई जळतानाच भरायची, आमच्याही घरी तसंच, लक्ष्मीच्या वेळेला दिवा मालवायचा नाही — पण हे घासलेट आहे, हे काय तिळाचं तेल आहे? मालन म्हणाली होती, सासूबाई, दिवा शांत करून भरते, लगेच परत लावते. राजाबाई नको म्हणाल्या. सुनेच्या हातानं घरात अंधार नको. मग काय करील पोर? जळत्या वातीशेजारीच डबा वाकडा केला तिनं — पदर पेटला, उजवा हात कोपरापर्यंत गेला.

चूक झाली म्हणता. चुकीचा राग नाही मला, चूक कुणाच्याही हातून होते. पण मी धारेहून देवासला पोचलो, तेव्हा लेक माझी आत केळीच्या पानावर पडलेली, आणि ओसरीवर राजाबाई शेजारणींना काय सांगत होत्या? ‘सून भाजली, पण दिवा विझू दिला नाही हो देवानं.’ बाया माना डोलवत होत्या. आणि तुम्ही तिथंच, पान लावत बसलेले. शिसारी आली मला, गणोजीराव. तुमच्या घरचं पाणीसुद्धा न घेता पोरीला इथं घेऊन आलो मी.

आता म्हणता, सणाला सून घरात हवी, लोक विचारतात. लोकांना तो दिवा दाखवा की. पोरीचे सासरे म्हणून मान आहे तुमचा, पण नाही पाठवायचा मी तिला. तिलाच यायचं नाही — विचारलं मी. म्हणजे, विचारायचं काय त्यात, बाप आहे मी. तांगा वाजला की दारात येते, देवासचं कुणी आलं का म्हणते — सवय असते पोरींना. मागं जावई इथल्या धर्मशाळेत उतरले होते, घरीही येऊन गेले, तेव्हा ती तलावावर धुण्याला गेली होती. नाही सांगितलं मी तिला. कशाला सांगायचं? डाव्या हातानं वेणी घालायला बसली असती लगेच. रडते कधी कधी. रडू दे. रडली तर भाजत तर नाही —

हळू बोला, माजघरात आहे ती. दोन घास खाऊन जा म्हटलं असतं, पण नको. तुमचा तांगा उभाच आहे. उठा.

मालन? तू केव्हाची उभी आहेस इथं? आत जा, बाळ.

मालन. ते गाठोडं खाली ठेव.