महालक्ष्म्यांच्या वरचा खोपा

संस्कृती : आजी, हात नको लावू! तोरणाला चिकटवलेल्या शेंगांचा गोंद वाळायचाय अजून.

आवडाबाई : शेंगांना कोण हात लावतंय? हा सुगरणीचा खोपा कुठनं आणला?

संस्कृती : खुलताबादच्या रस्त्याला विहिरीवर बाभूळ आहे ना, तिथून. सकाळीच काठीनं ओढला. उद्या महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्या वर टांगायचा, आत बल्ब लावून.

आवडाबाई : भादव्यात खोपा काढतेत का, येडे? दिवाळीनंतर काढावा, पाखरं गेल्यावर.

संस्कृती : रिकामाच असेल गं.

आवडाबाई : असेल? बघितला नाय?

संस्कृती : तीनदा चहा सोडून उठलीस. बस ना जरा!

आवडाबाई : बसवत नाय. नऊ वर्षांची होते, मीबी असाच आणला होता. आईनं दंडाला धरून परत नेलं, बाभळीला बांधायला लावला.

संस्कृती : मग आली का पाखरं?

आवडाबाई : चष्मा दे माझा. हां... ह्याला खाली नळी नाय. सुटले बाई!

संस्कृती : म्हणजे?

आवडाबाई : अर्धवट हाय हा. नर बांधतो, मादी येऊन बघती. नाय पटला तर तसाच सोडून तो दुसरा बांधाया घेतो. नळी सगळ्यात शेवटी, तिनं व्हय म्हणल्यावर.

संस्कृती : बाप रे, काय नखरा!

आवडाबाई : तुझ्यापरीस कमीच. तू पाच पोरं माघारी धाडली. लाव आता खुशाल तुझा दिवा.

संस्कृती : आजी...

आवडाबाई : आता काय?

संस्कृती : नळी होती.

आवडाबाई : काय म्हणती?

संस्कृती : चांगली वीतभर. बल्ब आत जाईना, म्हणून कात्रीनं कापली. ती बघ, डब्यात पडलीय.

(आवडाबाई खोप्यात दोन बोटं घालतात.)

संस्कृती : आहे का काही? बोल ना!

आवडाबाई : तीन.

संस्कृती : फुटली?

आवडाबाई : नाय. गार हायेत.

संस्कृती : नळी शिवते मी. स्कूटीवर पाऊण तासात पोचू. तू मांडीवर धर, हलू देऊ नको. सुई कुठंय?

आवडाबाई : शिवत नको बसू. सुतळी घे, फांदीला बांधाया.

संस्कृती : तुझ्या वेळी परत आली होती ना मादी?

आवडाबाई : दिवस बुडंस्तोवर उभी होते मी तिथं.

संस्कृती : मग?

आवडाबाई : चप्पल घाल, बाई.