बारा टेबलं आणि एक स्टूल

(कारधा. वैनगंगेच्या काठचा भैय्याजी सुतारांचा कारखाना. दुपार. भैय्याजी, त्यांचा मुलगा भूपेंद्र आणि तयार माल बघायला आलेली रुचिता.)

भैय्याजी : ...हालू नोका, मॅडम. टाच जमिनीले टेकली का नाई, तेवढंच सांगा.

रुचिता : टेकली, काका. आणि मला मॅडम नका म्हणू.

भैय्याजी : गुडघा? दाबते का खालून?

रुचिता : नाही. पाठही छान टेकते. दोन वर्षं पलंगावर मांडी घालून लॅपटॉपवर काम केलं. आज पहिल्यांदा माणसासारखी बसले.

भूपेंद्र : बाबूजी, यालेच अर्गोनॉमिक म्हणतेत. नागपूरच्या प्रदर्शनात दाखवलं होतं ना तुमाले.

भैय्याजी : त्या खुर्चीले सात खटके होते. एक दाबला तं खाली गेलो, दुसरा दाबला तं मांगं आडवा झालो. उठवाले दोन पोट्टे लागले.

भूपेंद्र : तुमी दोन्ही संगच दाबले म्हून.

रुचिता : आम्हालाही कंपनीने तसल्याच पाठवल्या होत्या, काका. घरून काम चालू होतं तेव्हा, प्रत्येकीच्या घरी एक. चार महिन्यांत माझ्या खुर्चीचं चाक गेलं. माझ्याबरोबरच्या रीनाची खुर्ची एक दिवस खाली बसली, ती वर यायचं नाव घेईना. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणे नागपूरला घेऊन या. कोंढ्याहून खुर्ची घेऊन बसमध्ये चढायचं का?

भैय्याजी : अन् हाफ तिकीट लागते का फुल, तेबी इचाराचं होतं.

रुचिता : म्हणून तर मी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला सांगितलं, सेंटर भंडाऱ्यात उघडताय तर फर्निचरही इथलंच घ्या. मोडलं तर माणूस नदीपलीकडे आहे, हाक मारली तर येईल.

भूपेंद्र : मी हेच बाबूजीले रोज सांगतो. मोठ्या ऑफिसचा जमाना गेला. तिकडं पुण्यात मजलेच्या मजले खाली होऊन राह्यले, अन् इकडं दहा-बारा जणांचे सेंटर खुलून राह्यले. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका तं गल्लीगल्लीत. मागणी आता अठी आहे.

भैय्याजी : मागणी मले नोको शिकवू. मागणी म्या जिल्हा फुटला तवा पाह्यली.

भूपेंद्र : झालं सुरू.

भैय्याजी : मॅडम, तुमी तवा लहान असान. गोंदिया वेगळा झाला. इकडच्या कचेऱ्यांचे टेबल ट्रकात भरभरून तिकडं गेले. अठी साहेब उभे, काहून का टेबल नाई. तठी टेबल आले तं बाबू जास्त, टेबल कमी. दोन्हीकडून ऑर्डर. सात महिने रंधा खाली ठेवला नाई म्या. म्हून म्हणतो, दर दहा वर्सानं एक जिल्हा फोडाले पायजे.

रुचिता : म्हणजे तुमचं काम चालावं म्हणून सरकारनं महाराष्ट्र कापत बसायचं?

भैय्याजी : सुतार आहे जी मी. कापल्याबिगर काई बनत नाई.

भूपेंद्र : अन् आता लोक उभं राहून काम कराचं टेबल मागून राह्यले, बाबूजी. बटन दाबलं का टेबल वरतं, बटन दाबलं का खाली.

भैय्याजी : उभं राहाले माणूस पैसे देते? आमच्या कचेऱ्यांत अर्ज घेऊन दिवसभर उभं राहे माणूस. फुकटात.

रुचिता : काका, तुमच्याशी गप्पा मारत बसले तर संध्याकाळची बस चुकेल माझी. मला फोटो काढायचे आहेत. पुण्याचे लोक फोटो बघूनच ठरवणार. पसंत पडलं तर तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर, चारही सेंटरचं काम तुमचं.

भूपेंद्र : अन् नाई पडलं तं?

रुचिता : तर नागपूरहून रेडिमेड. मी खूप भांडून ही एक संधी घेतली आहे, भूपेंद्रदादा. दुसऱ्यांदा कोणी ऐकणार नाही माझं.

भूपेंद्र : ऐकलं, बाबूजी? आपलं बी ठरलं आहे. माल पास झाला तं कारखाना राहीन. नाई झाला तं अठी रेडिमेडचं शोरूम, अन् पहिले तो माळा खाली होईन. मॅडम, वरतं पाहा जरा. चाळीस वर्साचं भंगार. नवा प्लाय ठेवाले जागा नाई.

भैय्याजी : भंगार तुह्या शोरूममदी येईन. ते सागवान आहे. त्याले हात नाई लावाचा.

रुचिता : भांडा तुम्ही, मी टेबलं मोजते. सात, आठ... रंग मस्त आलाय. नऊ, दहा, अकरा. बारावं कुठे आहे?

भूपेंद्र : बाबूजी, बारावं कुठी आहे?

भैय्याजी : त्यालेच टेकून उभ्या आहेत मॅडम.

रुचिता : हे? हे तर पलंगाएवढं आहे.

भैय्याजी : साडेपाच बाय तीन. वरतं काच बसन, काचेखाली हिरवा कपडा. हा ड्रॉवर कुलपाचा. साहेबाचं टेबल.

रुचिता : कोणत्या साहेबाचं?

भैय्याजी : जो असन त्याचं.

भूपेंद्र : बाबूजी, कागदावर साफ लिवलं होतं, बारा टेबल एकसारखे. म्या सोता वाचून दाखवलं तुमाले.

भैय्याजी : वाचलं ना तू. मले वाटलं, लिवणारा साहेबाचं लिवाले विसरला. आपून समजून घ्याचं. बिनासाहेबाचं ऑफिस राह्यते का कुठी? पंचेचाळीस वर्सात म्या तं नाई पाह्यलं.

रुचिता : सेंटरची प्रमुख मीच आहे, काका.

भैय्याजी : मंग तुमचंच आहे हे. बसा.

रुचिता : माझं टेबल पोरींच्याच रांगेत आहे. खिडकीपासून चौथं.

भैय्याजी : अन् बाहेरून माणूस आला तं त्याले समजन कसं, साहेब कोण ते?

रुचिता : विचारेल.

भैय्याजी : इचारन. हं. हे तं माह्या डोक्यातच नाई आलं.

भूपेंद्र : तुमी खुर्च्याबी तीन उंचीच्या केल्या. मले तवाच भेव वाटलं होतं.

रुचिता : नाही, खुर्च्या बरोबर आहेत. काका सेंटरवर मापाची कमची घेऊन आले होते, एकेकीची टाच ते गुडघा मोजून गेले. वच्छलाताईंचे पाय आजवर कुठल्या खुर्चीवरून जमिनीला लागले नव्हते. पायाच्या मापाने उंची बदलली तर मला चालते. पगाराच्या मापाने नको, एवढंच.

भूपेंद्र : मंग हे टेबल आता कापून टाकू मदातून. दोन होतीन.

भैय्याजी : साहेबाचं टेबल कापतं? आंधी मले काप.

रुचिता : कोणालाच कापू नका. काका, यावर बारा डबे मावतील का?

भैय्याजी : डबे?

रुचिता : जेवणाचे. नाहीतर आम्ही सगळ्या खाली वर्तमानपत्र पसरून जेवतो. साहेबाच्या टेबलावर जेवायला मजा येईल.

भैय्याजी : बारा मावतीन, अन् मदात लोणच्याची बरणी. पण मंग काच अन् कपडा नोको. भाजीचा डाग निंगत नाई. सनमायका मारून देतो. अन् ड्रॉवरचं कुलूप राहू द्या, चिवडा ठेवाले कामी येईन.

भूपेंद्र : अन् बारावं टेबल?

भैय्याजी : बुधवारी तयार. माही जबान.

रुचिता : मग फोटोही बुधवारीच काढते, बाराही एका रांगेत लावून. गुरुवारी माल पोचला की झालं.

भूपेंद्र : चला, वाचलो. मॅडम, च्या सांगतो. कमी साखरेचा का कसा?

रुचिता : चालेल कसाही. हे पोत्याखाली काय झाकून ठेवलंय?

भैय्याजी : ते बिलात नाई. आपल्याकडून भेट. ऑफिसची ऑर्डर असली का एक नग वरतून फुकट, हा माहा रिवाज आहे पहिलेपासून. काढा, काढा पोतं. पाहा.

भूपेंद्र : ...मॅडम? काय झालं? पॉलिश बराबर नाई का?

रुचिता : हे स्टूल कोणासाठी आहे?

भैय्याजी : चपराशासाठी. दाराजवळ ठेवाले.

रुचिता : आमच्याकडे चपराशी नाही.

भैय्याजी : आज नाई, उद्या असन.

रुचिता : याला पाठ का नाही, काका?

भैय्याजी : चपराशाच्या स्टुलाले पाठ नसते.

रुचिता : का नसते?

भैय्याजी : नसते म्हून नसते.

भूपेंद्र : मॅडम इचारून राह्यल्या, बाबूजी. काहून नसते?

भैय्याजी : पाठ टेकली का माणूस झोपते म्हून.

रुचिता : मी हे उलटं न करता सांगते. खालच्या बाजूला चांदणी कोरली असेल. पाच टोकांची, त्यातलं एक टोक वाकडं.

भैय्याजी : ते माहं निशाण आहे. तुमाले कसं मालूम?

रुचिता : तसंच एक स्टूल कोंढ्याला आमच्या घरी आहे. माझे बाबा त्याच्यावर एकतीस वर्षं बसले. भंडाऱ्याला, कचेरीत, साहेबाच्या दाराबाहेर.

भैय्याजी : नाव काय बाबाचं?

रुचिता : चिंधू रामटेके.

भैय्याजी : चिंधू. उंच, सडसडीत. बेल वाजाच्या आंधीच उठून उभा राहे, तोच ना?

रुचिता : तेच. आता उभं राहायला दोन्ही हात टेकावे लागतात. कंबर गेली. पाठीला कधी आधारच नव्हता म्हणतात डॉक्टर.

भूपेंद्र : मॅडम, माफ करा. बाबूजीले मालूम नव्हतं. हे स्टूल मी आत्ता बाजूले करतो. ऑर्डरवर राग नोका काढू.

रुचिता : ऑर्डर ऑर्डरच्या जागी आहे, दादा. राग आला, खोटं कशाला बोलू? पण तोही धड येत नाही. बाबा रिटायर झाले त्या साली कचेरीतलं जुनं सामान लिलावात निघालं. बाबांनी बोली लावून ते स्टूल घरी आणलं. आई म्हणे, हे कायले आणलं? तर म्हणाले, आता याच्यावर कोणाले बसू द्याचं नाई. मी तेव्हा दहावीत होते. मी खाली बसायची आणि स्टुलावर पुस्तक ठेवायची. दहावी, बारावी, कॉलेज, सगळं त्याच्यावर. माझं पहिलं टेबल तेच आहे, काका.

भैय्याजी : सहा होते.

भूपेंद्र : काय सहा, बाबूजी?

भैय्याजी : स्टूल. एक्याऐंशी साल. माही पहिली सरकारी ऑर्डर. जवान होतो, काई तरी चांगलं करून दाखवाचं होतं. म्या सहाही स्टुलाले पाठ लावून नेली. वळणाची पाठ, बोटानं घासून घासून केलेली. मले वाटलं, माणूस दिवसभर बसन, टेकाले काई तरी पायजे. बडेबाबू बाहेर आला अन् म्हणे, हे कोणं सांगतलं तुले? काढ. तठीच, व्हरांड्यात, माह्याच हातानं ठोकून काढल्या म्या. सहाही चपराशी उभे राहून पाहत होते. चिंधू त्यातच असन.

रुचिता : बाबांनी हे कधी सांगितलं नाही.

भूपेंद्र : तुमीबी नाई सांगतलं, बाबूजी.

भैय्याजी : कायले सांगू? लाज वाटे. पाठी सायकलीले बांधून घरी आणल्या. मंग मापाचा फर्मा केला तो बिनापाठीचाच केला, का पुन्हा कोणी काढाले सांगू नये. तवापासून हात तसाच चालते. हे स्टूलबी हातानंच केलं, म्या इचार केलाच नाई. चुकलं माहं.

भूपेंद्र : म्हणजे माळ्यावर ते जे बांधून ठेवलं आहे...

भैय्याजी : तेच तुहं भंगार.

रुचिता : काका, त्या स्टुलाला मागच्या कडेला दोन भोकं आहेत.

भैय्याजी : बुजवले नाई कोणी?

रुचिता : नाही. मला लहानपणी वाटायचं, ती पेन ठेवायलाच केली आहेत. एकात पेन, एकात पेन्सिल. अजूनही तशीच आहेत, बाबा काढू देत नाहीत. पोरीची जागा आहे म्हणतात.

भैय्याजी : भूपेंद्र, माळ्याले निसनी लाव. सहाच्या सहा पाठी खाली आण. त्यातली कोणती त्या स्टुलाची ते बसवून पाह्यल्याबिगर समजाचं नाई.

भूपेंद्र : आणतो. सांभाळून आणतो. पण बाबूजी, बुधवारचं टेबल?

भैय्याजी : जबान देली ना. बुधवारी टेबल, गुरुवारी माल भंडाऱ्याले उतरवाचा, अन् टेम्पो तसाच कोंढ्याले. तूबी चाल संगं.

रुचिता : आणि हे इथलं स्टूल?

भैय्याजी : यालेबी पाठ लावतो. तेरावी खुर्ची समजा. तुमच्या ऑफिसात जो कोणी येईन, तो टेकून बसन.

रुचिता : बाबांना काय सांगू मी? तुम्ही येताय म्हणून?

भैय्याजी : काई नोको सांगू, पोरी. फक्त पेन अन् पेन्सिल तेवढी काढून ठेव.