मोज्यातली चौदा नंबरची बाटली

...नाही, मी म्हणतो, एका नावात माणसांनी राहायचं तरी किती! गाव लार्मेझाक, किल्ला लार्मेझाक, काउंट लार्मेझाक आणि बाटलीत पण लार्मेझाकच! पत्रावर नुसतं 'लार्मेझाक' असलं की बिचारा पोस्टमन आधी किल्ल्यावर चढतो, तिथं आता बोर्दोचे दातांचे डॉक्टर राहतात, ते म्हणतात आमचं नाही, मग काउंटकडे, म्हणजे बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत, कारण काउंटनं किल्ला विकला, नाव नाही विकलं, तो चष्मा शोधतो, पत्र उघडतो, पूर्ण वाचतो हं, आणि मग म्हणतो, "छे छे, हे तर वाइनचं!" तोवर पत्र लिहिणारा स्वतः येऊन, जेवून परत गेलेला असतो!

हसा, हसा. मी पण हसायचो. पण तुम्हाला सांगतो, या नावापायी माझं काळीज फाटलंय. नावापायी कसलं... माझ्याच जिभेपायी. थांबा, ओळीनं सांगतो, नाहीतर माझं असं आहे, निघतो चर्चला आणि पोचतो बाजारात.

माझी बायको सिदोनी. ती लार्मेझाकची नाही, पुईदालची. पुईदाल कुठं म्हणाल तर हा ओढा ओलांडला की पुईदाल! तिथला कोंबडा आरवला की इथं आम्ही उठतो! पण ओढ्यापलीकडच्या वाइनला आमचं नाव लागत नाही म्हणजे नाही, आणि माणसांनाही नाही. चौतीस वर्षं इथं संसार केला तिनं, आणि पावाच्या रांगेत बायका अजून म्हणायच्या, "ही ना? ही पुईदालची." आणि गंमत बघा, अख्ख्या लार्मेझाकात चांगली लार्मेझाक करायची कोण? तर ही पुईदालची! मी आपला वेलींतला माणूस. छाटणी सांगा, फवारणी सांगा, द्राक्षं पिंपात पडली की माझं काम संपलं. कुठल्या पिंपातली किती घ्यायची, कशात काय मिसळायचं, ते सगळं सिदोनीचं नाक आणि सिदोनीची जीभ.

ती जीभच गेली हो, या हिवाळ्यात. आजार पोटातला, पण औषधांनी तोंडाची चव नेली. सूप आणि पाणी तिला सारखंच लागायचं. तरी जानेवारीत एक दिवस उठून बसली, शाल गुंडाळली आणि म्हणते कशी, "आंसेल्म, मला तळघरात ने. चव तू घे, मला सांग, मिसळायचं मी बघते. आणि हे बघ, थडग्यावर काय लिहायचं ते लिही, पण माझ्या या बाटलीवर लार्मेझाक लागलं पाहिजे."

अकरा पिंपं! मी काचेच्या नळीनं काढतोय, ती खुर्चीत वही घेऊन. "पहिलं कसंय?" "छान." "दुसरं?" "छान." "सातवं?" आता सातवं... तुम्हाला सांगतो, सातवं इतकं आंबट, इतकं आंबट, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं! ती म्हणते, "काय रे, रडतोस काय?" म्हटलं, "फारच छान आहे गं, म्हणून." मग काय सांगायचं होतं? पेन्सिल धरायचं त्राण नव्हतं तिच्या बोटांत, आणि मी म्हणू, बाई, सातवं बिघडलंय? ती खूश झाली. इतकी खूश झाली, की सातव्यातली सगळ्यात जास्त घातली!

फेब्रुवारीत गेली. मिसळलेली वाइन मी चाखली नाही. धीरच झाला नाही.

आता मार्चमध्ये आमच्याकडे काय असतं, तर परीक्षा. ज्याला बाटलीवर लार्मेझाक लिहायचंय, त्याच्या टाकीतून नमुना जातो, बाटलीला मोजा चढवतात. हो, पायातला मोजा, धुतलेला असतो! वर नंबर, आत कोणाची ते कोणाला ठाऊक नाही. दोन टेबलं, एकेका टेबलावर पाच जण, आणि पाचांतला एक जरी 'नाही' म्हणाला तरी नाव अडलं. आपली बाटली ज्या टेबलावर, त्या टेबलावर आपण बसायचं नाही, हा नियम. माझी बाटली दुसऱ्यावर, मी पहिल्यावर. सगळं चोख! पण त्या दिवशी सकाळी दुसऱ्या टेबलावरच्या लेओंसला ताप आला, आणि काउंट आमचा अध्यक्ष, तो म्हणतो, "आंसेल्म, तू सरक रे तिकडं." मी सरकलो! कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. बायको जाऊन तीन आठवडे झालेल्या माणसाच्या डोक्यात असतं तरी काय?

आणि मी कडक हं! गावात माझ्या नकाराचा दरारा आहे. बारा नंबर पास, तेरा पास, आणि चौदा... नाक घातलं, घोट घेतला, बादलीत थुंकलो आणि सुटलो! "ही कोणी झोपेत केलीय का? पुढून आंबट, मागून लाकूड! हिला लार्मेझाक म्हणायचं, तर माझ्या गाढवाला काउंट म्हणा!" सगळे हसले. काउंट तर पोट धरून हसला. फक्त शेजारचा फिर्मां, तीस वर्षं माझ्याशी बांधावरून भांडणारा, तो हळूच म्हणाला, "जाऊ दे ना रे, पहिला घोट आहे, परत एकदा घे." मी म्हटलं, "फिर्मां, तुला सर्दी झालीय!" लिहिलं. नापास.

मोजा काढला. चिठ्ठीवर माझंच अक्षर.

काय सांगू तुम्हाला! चौतीस वर्षं जिच्या हातची प्यायलो, तिला मी ओळखलं नाही! आणि ओळखणार कसा? ती वाइन तिची नव्हतीच, माझ्या 'छान'ची होती! अकरा वेळा खोटं बोललो, ते तिनं विश्वासानं पिंपात ओतलं.

गाव लार्मेझाक, किल्ला लार्मेझाक, काउंट लार्मेझाक, आणि सिदोनीची बाटली तेवढी बिननावाची!

पण माणसं वाईट नाहीत हो. आठवड्यानं पुन्हा चाखायची सोय असते. मी सरकवलेला माणूस होतो ना, म्हणून मला त्याच टेबलावर ठेवलं. नियम काउंटनं खिशात घातला! आणि मोजा चढवलेला, पण आत काय आहे ते भिंतींनाही ठाऊक. काउंटनं ग्लास ओठाला लावायच्या आधीच डोळे मिटले, "अहाहा! ही खरी लार्मेझाक!" दुसरा म्हणाला, वा. तिसऱ्यानं नुसता हात वर केला. फिर्मां तर रडतच होता, रडता रडता म्हणाला, "उत्कृष्ट." चार हात वर. सगळे माझ्याकडं बघतायत. काउंट कानात कुजबुजतो, "आंसेल्म, बाबा, हात वर कर आणि घरी जा."

घोट घेतला. पुढून आंबट. मागून लाकूड.

तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? ज्या बाईनं चौतीस वर्षांत एकदा म्हटलं नाही की मला तुमच्यातली म्हणा, तिला आम्ही पाच जणांनी डोळे पुसत ते नाव द्यायचं? आणि मी बाराव्यांदा 'छान' म्हणायचं? तिला कीव चालायची नाही हो! पण नाव तर तिनं मागितलं होतं... माझ्याकडंच मागितलं होतं... हात उचलला, तुमची शपथ, कोपरापर्यंत उचलला! वर जाईना. "नाही," म्हटलं. दोनदा नापास केली मी बायकोला. काउंटनं कागद दुमडला आणि त्या दिवसापासून माझ्याशी हवापाण्यापलीकडं बोलत नाही.

आता नापास वाइनवर गावाचं नाव लिहायचं नाही, किल्ल्याचं नाही, नकाशावरचं कुठलंच नाही. बाकी काय हवं ते लिहा! दोन हजार बाटल्या. मी लेबल छापलं, नुसतं 'सिदोनी'. तर परवा एक बेल्जियमचा माणूस आला, गळ्यात कॅमेरा, बाटली फिरवून फिरवून बघतोय. "सिदोनी! सुंदर नाव! गाव असेल ना? किल्ला पण असेल?" त्यानं गाडीतून नकाशा आणला, इथं टेबलावर पसरला, बोट फिरवतोय, फिरवतोय... शेवटी म्हणतो, "अहो, सापडत नाहीये."

म्हटलं, राहू द्या साहेब. मीही फेब्रुवारीपासून शोधतोय.