पान, पोलीस आणि मोनालिसा

मोनालिसाचं मला काय सांगता राव, ती आमच्या भिंतीवर होती! लातूर नवानवा जिल्हा झाला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी कचेरी आली. कामाला येणारा जो तो पान खाऊन आमच्याच भिंतीवर पिचकारी मारायचा. त्यात दुष्काळ. प्यायला टँकरचं पाणी, भिंत कशानं धुवायची?

शेजारी म्हणाले, "देवाचे फोटो लावा, कुणी थुंकणार न्हाई." आम्ही बौद्ध, देव आणायचे कुठून? आणि भगवान बुद्धाला त्या घाणीत बसवायला आई तयार न्हाई.

माझा थोरला भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यानं पेपरात आलेली मोनालिसा बघून भिंतीवर हुबेहूब काढली. आईला म्हणाला, "माय, तिकडं पॅरिसात हिला काचेत ठेवलंय. राखायला पोलीस हायेत."

"बाईला पोलीस कशाला लागतेत?" आई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी कचेरीवरचा हवालदार गाल फुगवून भिंतीपाशी आला आणि चित्र बघून थबकला. पिचकारी सांडू नये म्हणून तोंड वर करून त्यानं आईला विचारलं, "ह्या कोण बाई?"

आई म्हणाली, "नवा जिल्हा झाला, अन् पोलिसात असून बाईंना वळखीत न्हाई व्हय?"

गडी चपापला. तोंडातलं सगळं घटकन गिळलं, मोनालिसाला कडक सलाम ठोकला आणि चालता झाला. त्या सलामाची गोष्ट कचेरीभर झाली आणि त्या दिवसापासून भिंतीवर एक थेंब पडला न्हाई.

आई भावाला म्हणाली, "कळीव तुझ्या पॅरिसवाल्याला. हितं बाईच पोलिसापासून भिंत राखती, अन् काच बी लागली न्हाई!"