वरचंच पाणी चाखलं

सन्माननीय अध्यक्ष दमयंतीताई, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे गंगारामसर, मांडवीतले माझे समस्त शेजारी, आणि मागच्या रांगेत चहाची वाट पाहत बसलेले माझे नाखवा दोस्त,

मी अयूब, समरीनचा बाप. ती उद्या दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन जहाजावर निघतेय, म्हणून हा निरोप. बापाने लेकीचं कौतुक करू नये म्हणतात. मग मी माझी एक चूक सांगतो; त्याला तरी कुणाची हरकत नसावी.

जाळं टाकण्याआधी ओंजळभर पाणी चाखायचं, ही आमच्या घरची रीत. खारं लागलं तर जाळं टाकायचं, गोडं लागलं तर होडी वळवायची. दोन वर्षांपूर्वी श्रावणात भाट्याच्या खाडीत मी चाखलं, गोडं लागलं, वल्हं फिरवलं. समरीन म्हणाली, "अब्बा, तुम्ही वरचंच चाखलंत. खालचं कोण चाखणार?" तिने दगड बांधलेली बाटली तळाशी सोडली, दोरीने बूच ओढलं. वर आलेलं पाणी खारट! जाळं खोल सोडलं आणि तांबोशी मासळी मिळाली. चाळीस वर्षांत मी किती वेळा उगाच रिकामा परतलो असेन, सांगा?

ती म्हणते, ध्रुवाजवळ थंड, खारं, जड पाणी तळाशी बुडतं, आणि त्या बुडण्यावर जगभरचे खोल प्रवाह चालतात. बर्फ वितळून गोडं पाणी मिसळलं की ते हलकं होतं, बुडणं मंदावतं. मग थंडी, ऊन, पाऊस, सगळ्याची घडी विस्कटू शकते. आपल्या पावसाचं काय होईल? "नक्की कुणालाच माहीत नाही, म्हणून तर जायचंय," हे तिचं उत्तर.

तरी मी दोन वर्षं नाहीच म्हणत राहिलो. पोरीने दोन-दोन महिने जहाजावर राहायचं? शेवटी तिची आई रझिया म्हणाली, "तुम्ही तरुणपणी बारा वर्षं मालवाहू जहाजावर होतात. मी कधी अडवलं?" दोस्तांनो, हसू नका, तुमच्याही घरी असंच ऐकावं लागतं.

आज मला काळजी आहे, पण भीती नाही. मांडवीची पोर आहे, समुद्राला नीट ओळखेल. तिथे मोठाली यंत्रं असतील. तरी ती बाटली मी तिच्या बॅगेत ठेवली आहे.

हा समारंभ घडवून आणणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. आणि दोन वर्षं मी वरचंच चाखून तिला अडवलं, ते समरीनने पोटात घालावं.